कॅल्शियम सगळीकडे तेच, काम ठरवतं ते त्याला पकडणारं प्रोटीन

१८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला आणि त्यात स्वतःचंच आधीच्या वर्षीचं म्हणणं दुरुस्त केलं. ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवायचे आणि कुठला क्षार काय करतो ते बघायचे. आधी त्यांना वाटलं होतं की नुसत्या मिठाच्या पाण्यावर हृदय बराच वेळ चालतं, नंतर कळलं की ते द्रावण डिस्टिल्ड पाण्यात केलेलंच नव्हतं, साध्या नळाच्या पाण्यात केलं होतं आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हृदय थोड्या वेळात मंदावून थांबायचं, आणि थोडंसं कॅल्शियम घातलं की परत आकुंचन पावायला लागायचं.

म्हणजे कॅल्शियम फक्त हाडांसाठी नसतं हे जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी माहीत झालंय. तरी आजही कॅल्शियम म्हटलं की आपण हाडं, दात आणि गोळ्या एवढ्यावरच थांबतो. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण १ किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडादातांत असतं हे खरंच आहे, पण उरलेल्या १ टक्क्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, मेंदूतले सिग्नल, रक्त गोठणं, पेशी एकमेकींना धरून राहणं हे सगळं चालतं. आणि मला या लेखात मुख्य सांगायचंय ते हे की यातलं एकही काम कॅल्शियम एकटं करत नाही. कॅल्शियमचा आयन, म्हणजे भार असलेला अणू, सगळीकडे अगदी सारखाच असतो, त्याच्यात "मी हृदयाचा" "मी मेंदूचा" असं काही लिहिलेलं नसतं. त्याला कुठलं प्रोटीन पकडतं आणि पकडल्यावर त्या प्रोटीनचा आकार कसा बदलतो, त्यावर पुढे काय होणार ते ठरतं. या प्रोटीन्सना कॅल्शियम-बाइंडिंग प्रोटीन्स म्हणतात. गंमत म्हणजे तुमच्या-माझ्या लॅब रिपोर्टमधे यातली बरीचशी येऊन गेलेली असतात, फक्त आपल्याला ती या कुटुंबातली आहेत हे माहीत नसतं.

आधी पेशीच्या आतली परिस्थिती बघू, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं काही लागत नाही. पेशीच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या मधल्या पाण्यात जेवढं मोकळं कॅल्शियम असतं त्याच्या साधारण १०,००० वा भाग पेशीच्या आत असतं. इतका फरक राखायला पेशी सतत ऊर्जा खर्च करते, तिच्या भिंतीतले पंप कॅल्शियम बाहेर ढकलत असतात, आतल्या कप्प्यांमधे भरत असतात, हे काम झोपेतसुद्धा थांबत नाही. कशासाठी एवढा खटाटोप? कारण पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो आणि कॅल्शियम आणि फॉस्फेट जास्त प्रमाणात एकत्र आले की घट्ट साका होतो, हाडात जो हवा असतो तोच, पेशीत झाला तर पेशी मरते. म्हणून पेशीने कॅल्शियमला बाहेर ठेवलं. पण त्यातून एक फायदा निघाला. आत जवळजवळ काहीच नसल्यामुळे दार क्षणभर उघडून थोडंसं कॅल्शियम आत घेतलं तरी आतलं प्रमाण एकदम १० पट होतं. इतका स्पष्ट बदल म्हणजे उत्तम सिग्नल. फक्त तो सिग्नल ओळखणारं कोणीतरी आत पाहिजे.

आता प्रोटीन कॅल्शियमला पकडतं कसं? कॅल्शियमवर दोन धन भार असतात आणि त्याला ऑक्सिजनचे अणू आवडतात. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांच्या साखळीतून बनतं त्यातल्या अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट या दोघांकडे ऋण भार असलेले ऑक्सिजन असतात. साखळी अशा प्रकारे वळली की असे ऑक्सिजन सगळ्या बाजूंनी आत तोंड करून उभे राहतात, तर मधे बरोबर एका कॅल्शियमपुरती जागा तयार होते. १९७३ मधे रॉबर्ट क्रेट्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनची रचना मांडली आणि त्यात ही जागा स्पष्ट दिसली: एक सर्पिल (साखळीचा स्प्रिंगसारखा वळलेला तुकडा), मग १२ अमिनो आम्लांचा वळसा, मग दुसरं सर्पिल. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा ताणून धरा आणि बाकीची बोटं मुडपून घ्या, तर्जनी हे एक सर्पिल, अंगठा हे दुसरं, आणि मुडपलेल्या बोटांच्या जागी तो वळसा, त्यात कॅल्शियम बसतं. याला ईएफ हॅन्ड म्हणतात आणि हीच रचना नंतर एकामागून एक शेकडो प्रोटीन्समधे सापडत गेली.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. पेशीच्या आत मोकळ्या कॅल्शियमपेक्षा मोकळं मॅग्नेशियम हजारो पटीने जास्त असतं आणि त्याच्यावरही दोनच धन भार असतात. मग ही जागा मॅग्नेशियम का बळकावत नाही? कारण मॅग्नेशियम आकाराने लहान आहे, त्याला बरोबर ६ ऑक्सिजन लागतात, तेही ठरलेल्या काटकोनात, आणि स्वतःभोवतीचं पाणी सोडायला ते सहजासहजी तयार होत नाही. कॅल्शियम मोठं आहे, ७ ऑक्सिजन घेतं आणि थोडी वाकडीतिकडी मांडणीसुद्धा चालवून घेतं. त्या १२ च्या वळशात शेवटच्या जागी बहुतेक वेळा ग्लुटामेट असतो आणि तो एकटाच दोन ऑक्सिजन पुढे करतो, त्यामुळे सातचा हिशोब पुरा होतो. कॅल्शियम बसलं की तो ग्लुटामेट आत ओढला जातो, त्याच्याबरोबर सर्पिलं हलतात आणि प्रोटीनचा आकार बदलतो. एवढीशी हालचाल, पण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

या कुटुंबातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रोटीन निवडायचं झालं तर मी डोळे झाकून कॅल्मोड्युलिन म्हणेन. १९७० च्या सुमारास अमेरिकेत वाई यू चुंग आणि जपानमधे शिरो काकिउची या दोघांना ते वेगवेगळं सापडलं, दोघेही मेंदूतल्या एका एन्झाइमवर काम करत होते आणि त्या एन्झाइमला चालना देणारं काहीतरी अजून आहे असं त्यांच्या लक्षात आलं. फक्त १४८ अमिनो आम्लांचं लहानसं प्रोटीन, त्यात ४ ईएफ हॅन्ड, दोन एका टोकाला आणि दोन दुसऱ्या टोकाला, मधे लवचिक दांडा. कॅल्शियम नसताना ते मिटलेलं असतं. कॅल्शियम बसलं की दोन्ही टोकांवर पाण्यापासून लांब राहणारे, तेलकट स्वभावाचे पट्टे उघडे पडतात आणि मग ते समोरच्या प्रोटीनच्या एका तुकड्याला दोन्ही बाजूंनी वेढून धरतं. समोरचं प्रोटीन कुठलं? शंभराहून जास्त वेगवेगळी आहेत. गुळगुळीत स्नायूंचं आकुंचन, आयनांची दारं उघडणं-मिटणं, रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम, सगळीकडे हेच. आणि हे प्रोटीन इतकं नेमकं आहे की माणूस, कोंबडी, बेडूक, सगळ्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांमधे त्याची अमिनो आम्लांची साखळी अक्षरशः एकच आहे, कोट्यवधी वर्षांत एक जागासुद्धा बदललेली नाही.

त्यात चूक झाली तर काय होतं याचंही उत्तर आता आहे. माणसात कॅल्मोड्युलिनचे ३ जीन आहेत आणि तिन्हींतून हुबेहूब एकच प्रोटीन बनतं, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या मिळून ६ प्रती. कोणालाही वाटेल की ६ पैकी एक बिघडली तर काय बिघडणार आहे, पाच चांगल्या आहेतच की. पण २०१२ पासून अशा केसेस नोंदल्या जायला लागल्या जिथे एकाच प्रतीतल्या एका बदलामुळे लहान मुलांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडली होती. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आत घेणारं जे दार असतं त्याला कॅल्मोड्युलिन आधीच चिकटून बसलेलं असतं, पुरेसं कॅल्शियम आत आलं की ते दार बंद करायला लावणं हे त्याचं काम. बिघडलेलं कॅल्मोड्युलिन कॅल्शियम नीट पकडत नाही, दार वेळेवर मिटत नाही, ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या पूर्वपदावर यायला उशीर लागतो आणि ईसीजीत हा काळ दाखवणारा क्यूटी नावाचा भाग लांबलेला दिसतो. थोडीच दारं उघडी राहिली तरी लय बिघडायला ती पुरतात, त्यामुळे बाकीच्या पाच प्रती असूनही उपयोग होत नाही.

कॅल्मोड्युलिनच्या हाताखाली काम करणारे दोघे तरी सांगायलाच हवेत. एक कॅम-के-टू नावाचं एन्झाइम, मेंदूत भरपूर असतं, १२ भागांचं मिळून बनलेलं. कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन त्याला जागं करतं आणि मग त्याचे भाग एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात, त्यामुळे कॅल्शियम ओसरल्यावरही ते काही काळ जागंच राहतं. एका क्षणाचा सिग्नल क्षणापेक्षा जास्त टिकवायची ही सोय आहे, म्हणून शिकणं आणि आठवण यांच्या अभ्यासात त्याचं नाव सारखं येतं. दुसरं कॅल्सिन्युरिन, ते फॉस्फेट काढून टाकतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या आपल्या टी पेशींना परकं काहीतरी दिसलं की आत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन चालू होतं, ते एनफॅट नावाच्या प्रोटीनवरचे फॉस्फेट काढतं आणि ते पेशीच्या केंद्रकात जाऊन लढाईचे जीन चालू करतं. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या लोकांना सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात ना, ती औषधं हेच कॅल्सिन्युरिन अडवतात, म्हणजे नवा अवयव शरीर नाकारत नाही तो या एका कॅल्शियमच्या साखळीत अडथळा घातल्यामुळे. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला सांगितलेल्या वेळेवरच गोळी घ्या असं डॉक्टर बजावून सांगतात त्याचं एक मोठं कारण हे.

आता हृदयाचा एक ठोका सावकाश बघू. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात आणि प्रत्येक ठोक्याला हे सगळं पूर्ण व्हावं लागतं. विजेचा सिग्नल येतो, पेशीच्या भिंतीतली दारं उघडतात, बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं. हे थोडं कॅल्शियम आतल्या गोदामाची दारं उघडायला लावतं आणि मग मुख्य लोंढा तिथून येतो. त्या गोदामात कॅल्सेक्वेस्ट्रिन नावाचं प्रोटीन असतं, त्याला व्यवस्थित ईएफ हॅन्ड वगैरे काही नसतो, नुसता ऋण भार ठासून भरलेला असतो, एकेक रेणू ४० च्या आसपास कॅल्शियम धरून ठेवतो पण सैलसर, म्हणजे मागितल्याबरोबर सोडता येईल असं. सुटलेलं कॅल्शियम स्नायूच्या धाग्यांवर बसलेल्या ट्रोपोनिन सी ला चिकटतं. ट्रोपोनिन तीन भागांचं असतं, सी, आय आणि टी. सी कॅल्शियम पकडतं, त्यामुळे आय ची पकड सुटते, टी ला जोडलेला ट्रोपोमायोसिनचा धागा बाजूला सरकतो आणि अ‍ॅक्टिन या स्नायूच्या धाग्यावरच्या झाकलेल्या जागा मोकळ्या होतात, मायोसिन नावाचं ओढणारं प्रोटीन तिथे पकडून ओढतं. झालं आकुंचन. मग गोदामाच्या भिंतीतले पंप कॅल्शियम परत आत भरतात, ट्रोपोनिन सी मोकळं होतं, स्नायू सैल होतो. रिंगरचं हृदय कॅल्शियमशिवाय का थांबलं याचं उत्तर ट्रोपोनिनपाशी येऊन सापडलं आणि ते सापडायला १९६० चं दशक उजाडावं लागलं, ते काम जपानच्या सेत्सुरो एबाशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

छातीत दुखलं की जी ट्रोपोनिन टेस्ट करतात ती याचीच. हृदयाच्या पेशी मरायला लागल्या की त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात गळतं. पण टेस्टमधे ट्रोपोनिन आय किंवा टी मोजतात, सी कधीच मोजत नाहीत, आणि कारण सरळ आहे, हृदयातलं ट्रोपोनिन सी आणि हातापायांच्या संथ स्नायूंमधलं ट्रोपोनिन सी अगदी एकच असतं, त्यामुळे ते वाढलं तर कुठून आलं हे सांगता येणार नाही. आय आणि टी चे हृदयाचे प्रकार वेगळे आहेत. ट्रोपोनिन वाढलं म्हणजे प्रत्येक वेळी हार्ट अटॅकच असंही नाही, किडनीचा आजार, गंभीर इन्फेक्शन, फुप्फुसात गुठळी यातही वाढतं, म्हणून डॉक्टर काही तासांनी परत टेस्ट करून आकडा चढतोय का उतरतोय ते बघतात. काही देशांत हार्ट फेल्युअरच्या पेशंटना लेव्होसिमेंडान नावाचं औषध देतात, ते ट्रोपोनिन सी लाच जाऊन चिकटतं आणि त्याची कॅल्शियमला दाद द्यायची तयारी वाढवतं. म्हणजे आत कॅल्शियमचा लोंढा न वाढवता तेवढ्याच कॅल्शियममधे जास्त जोराचं आकुंचन.

मेंदूत आणि कानात दुसरी पद्धत आहे. तिथे ईएफ हॅन्डऐवजी सी-टू नावाचा भाग कॅल्शियम पकडतो आणि पकडल्यावर पेशीच्या स्निग्ध पडद्याला चिकटतो. चेतापेशीच्या टोकाशी रसायनांनी भरलेल्या पिशव्या तयार असतात, त्यांच्यावर सिनॅप्टोटॅग्मिन बसलेलं असतं, कॅल्शियम आलं की ते पिशवी पडद्यात मिसळायला लावतं आणि हे सगळं मिलीसेकंदाच्याही आत होतं. यावरच्या कामासाठी थॉमस सुडहॉफ यांना २०१३ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमधे वाटा मिळाला. कानात आवाज ओळखणाऱ्या पेशींमधे असंच काम ओटोफर्लिन करतं. ज्या मुलांच्या ओटोफर्लिनच्या जीनच्या दोन्ही प्रतींमधे दोष असतो त्यांच्या कानाची रचना ठीक असते, आवाज आत पोचतो, पेशी जाग्या होतात, पण पुढे निरोपच जात नाही आणि मूल जन्मापासून ऐकू शकत नाही. हा जीन इतका लांबलचक आहे की जीन पेशीत पोचवायला जो निरुपद्रवी विषाणू वापरतात त्या एकात तो मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंतून कानात पोचवायची पद्धत काढली आणि २०२४ मधे अशा उपचारानंतर मुलांना ऐकू यायला लागल्याचे निकाल प्रसिद्ध झाले. एक कॅल्शियम पकडणारं प्रोटीन परत मिळालं आणि ऐकू आलं, मला तरी ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात आनंदाची बातमी वाटते.

पेशीच्या बाहेरचं जग वेगळं. तिथे कॅल्शियम भरपूर आणि जवळजवळ स्थिर असतं, त्यामुळे ते सिग्नल म्हणून फारसं नाही तर जोड म्हणून वापरलं जातं. पेशी एकमेकींना कॅडहेरिन्सनी धरून असतात आणि कॅडहेरिनच्या प्रत्येक सांध्यात ३ कॅल्शियम बसलेले असतात, ते काढून घेतले की प्रोटीन लुळं पडतं आणि पेशी सुट्या होतात, लॅबमधे पेशी सोडवायला अगदी हेच करतात.

रक्त गोठण्यात तर कॅल्शियमशिवाय चालतच नाही. गोठण्याच्या साखळीतले २, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर लिव्हरमधे बनतात, पण नुसते बनून उपयोग नसतो, त्यांच्या काही ग्लुटामेटवर व्हिटॅमिन के च्या मदतीने अजून एक ऋण भार चढवावा लागतो. असा दुहेरी भार असलेला ग्लुटामेट १९७४ मधे ओळखला गेला, त्याला थोडक्यात ग्ला म्हणतात. ग्ला असेल तर फॅक्टर कॅल्शियम पकडतो आणि कॅल्शियमच्या आधाराने जखमेच्या जागच्या प्लेटलेट्सच्या पडद्यावर जाऊन बसतो. ग्ला नसेल तर फॅक्टर रक्तात फिरत राहतो पण जागेवर बसत नाही. वॉरफेरिन हे औषध व्हिटॅमिन के परत वापरायची सोय बंद करतं आणि म्हणून रक्त पातळ राहतं, आणि नवजात बाळांत व्हिटॅमिन के कमी असतं म्हणून जन्मल्यावर त्याचं इंजेक्शन देतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांना "व्हिटॅमिन के असलेलं काही खाऊच नका" असं कोणीतरी सांगून ठेवतं, खरं तर रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवणं जास्त महत्त्वाचं, कारण डोस त्याच्यावरच बसवलेला असतो.

रक्ततपासणीच्या वेळी वेगवेगळ्या रंगांच्या झाकणाच्या नळ्या दिसतात ना, त्यातल्या दोन याच गोष्टीवर आहेत. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं आणि रक्त गोठत नाही, पेशी मोजायला ती नळी. फिक्या निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, तेही कॅल्शियम धरतं, आणि पीटी-आयएनआर करताना लॅबवाले मुद्दाम कॅल्शियम परत घालून किती सेकंदांत गोठतंय ते मोजतात. जांभळ्या नळीतला थोडासा भाग चुकून दुसऱ्या नळीत गेला तर रिपोर्टमधे कॅल्शियम एकदम कमी आणि पोटॅशियम एकदम जास्त येतं आणि पेशंट मात्र ठणठणीत असतो, असा विचित्र रिपोर्ट आला तर घाबरायच्या आधी परत सॅम्पल द्यावं. आणि हो, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन रक्त लवकर गोठत नाही. गोठण्यात अडथळा यावा इतकं कॅल्शियम उतरायच्या आधीच स्नायू आणि हृदय बोंब मारायला लागतात. अपवाद म्हणजे खूप रक्त चढवावं लागतं तेव्हा, कारण पिशवीतल्या रक्तात सायट्रेट असतं आणि मग शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

आता रिपोर्टमधल्या कॅल्शियमच्या आकड्याबद्दल, कारण इथे लोकांचा विनाकारण फार गोंधळ उडतो. रक्तात जेवढं कॅल्शियम मोजलं जातं, साधारण ८.५ ते १०.५ मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर, त्यातलं जवळजवळ ४० टक्के अल्ब्युमिनसारख्या प्रोटीन्सना चिकटलेलं असतं, थोडं सायट्रेट-फॉस्फेटशी, आणि साधारण निम्मं मोकळं असतं. शरीराला कळतं ते फक्त मोकळं. लिव्हरच्या आजारात, कुपोषणात किंवा लघवीतून प्रोटीन जात असेल तर अल्ब्युमिन घटतं, चिकटलेलं कॅल्शियम कमी होतं आणि एकूण आकडा खाली येतो, पण मोकळं कॅल्शियम नॉर्मल असू शकतं. म्हणून डॉक्टर अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं असेल त्याच्या ०.८ पट आकडा कॅल्शियममधे मिळवून बघतात. हा अंदाज आहे, आयसीयूतल्या पेशंटमधे तो फसतो, तिथे आयोनाइज्ड, म्हणजे मोकळं, कॅल्शियम थेट मोजलेलं बरं. उलटही होतं. घाबरून कोणी जोरजोरात श्वास घ्यायला लागलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, रक्त थोडं अल्कलाइन होतं, अल्ब्युमिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि त्या कॅल्शियम ओढून घेतात. एकूण आकडा तोच, पण मोकळं कॅल्शियम घटतं आणि ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. श्वास शांत झाला की ते आपोआप ठीक होतं.

आणि रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल म्हणजे हाडं मजबूत, हे तर डोक्यातून काढूनच टाका. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींवर मोकळं कॅल्शियम ओळखणारं एक रिसेप्टर प्रोटीन असतं, त्याचा जीन १९९३ मधे सापडला. कॅल्शियम जरासं घटलं की त्याला कळतं, पॅराथायरॉइड हार्मोन सुटतं आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातला आकडा जागेवर आणला जातो. हाडं वर्षानुवर्षं झिजत असतील तरी रिपोर्ट ९.५ दाखवेल. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन वेगळा आहे तो याचसाठी.

मधेच एक वेगळ्या स्वभावाचं प्रोटीन सांगतो, कॅल्प्रोटेक्टिन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधे ते इतकं ठासून भरलेलं असतं की पेशीद्रवातल्या प्रोटीन्सपैकी निम्म्याच्या आसपास तेच भरतं. ते कॅल्शियम पकडतं, पण खरा वार वेगळा आहे, कॅल्शियम बसल्यावर ते झिंक आणि मॅंगनीज इतकं घट्ट धरून ठेवतं की जंतूंना त्यांच्या वाढीसाठी लागणारे हे धातूच मिळत नाहीत. आतड्यात सूज असेल तर न्यूट्रोफिल तिथे जमतात आणि कॅल्प्रोटेक्टिन शौचात उतरतं, तिथे ते लवकर नासत नाही, त्यामुळे मोजता येतं. वारंवार पोट बिघडणाऱ्या माणसाला नुसता आयबीएस (सूज नसताना पोट बिघडत राहणं) आहे की क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी खरी सूज आहे, हे ठरवायला ही टेस्ट फार कामाची आहे, आकडा ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, आणि मग कित्येकांची कोलोनोस्कोपी टळते. मात्र आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरने आणि साध्या इन्फेक्शननेही हा आकडा चढतो, ते डॉक्टरांना आधी सांगायला हवं. वर ज्या पार्व्हाल्ब्युमिनचा उल्लेख आला ते पण आरोग्याशी असंच संबंधित निघालं. माशांच्या स्नायूत कॅल्शियम पटकन टिपून स्नायू झटकन सैल करायला ते असतं, आणि ज्यांना माशांची अ‍ॅलर्जी असते त्यातल्या बहुतेकांचं शरीर याच प्रोटीनवर चवताळतं. कॅल्शियम धरून ते इतकं घट्ट होतं की शिजवूनही अ‍ॅलर्जी करायची ताकद बरीच शिल्लक राहते, म्हणून "नीट शिजवलंय, खा" हा सल्ला अशा माणसाला कधी देऊ नये.

राहता राहिला प्रश्न गोळ्यांचा, जो सगळ्यात जास्त विचारला जातो. कॅल्शियमची गोळी घेऊन ट्रोपोनिन किंवा कॅल्मोड्युलिन जास्त काम करत नाही, पेशीच्या आतलं कॅल्शियम पंप आणि दारं ठरवतात, गोळी नाही. गोळीतलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जायलासुद्धा प्रोटीन्स लागतात, आतड्याच्या पेशीत कॅल्बिंडिन नावाचं एक असतं, १९६६ मधे ओळखलं गेलं, आणि ते बनवायचा हुकूम व्हिटॅमिन डी देतं. अर्थात कॅल्बिंडिन एकटंच सगळं करत नाही, पेशीच्या एका बाजूचं दार आणि दुसऱ्या बाजूचा पंप हेही व्हिटॅमिन डी च्याच हुकमात असतात. म्हणून डी खूप कमी असेल तर नुसतं कॅल्शियम गिळून फारसं हाती लागत नाही. ज्यांना खरी कमतरता आहे, हाडं ठिसूळ झालीत, पॅराथायरॉइडचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी गोळ्या आवश्यकच आहेत, त्या मनाने बंद करू नयेत.

आणि "जास्त कॅल्शियम खाल्लं की रक्तवाहिन्यांत साचतं, म्हणून व्हिटॅमिन के-टू घ्या" असं सध्या खूप फिरतंय, त्याच्या मागचं विज्ञान अर्धं खरं आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन असतं, त्यालाही व्हिटॅमिन के ने ग्ला चढवावे लागतात, आणि ते भिंतीत कॅल्शियम साचू देत नाही. १९९७ मधे हे प्रोटीन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले तेव्हा त्यांच्या धमन्या हाडासारख्या कडक होऊन ते दोन महिन्यांच्या आत मेले. यावरून के-टू दिलं तर माणसाच्या वाहिन्या स्वच्छ राहतील असं वाटणं साहजिक आहे. पण ते माणसावर तपासून बघावं लागतं आणि डेन्मार्कमधे तपासलं गेलं, ज्यांच्या हृदयाच्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचलेलं होतं अशा वयस्क पुरुषांना दोन वर्षं व्हिटॅमिन के-टू आणि डी दिलं, आणि २०२२ मधे आलेल्या निकालात झडपेवर कॅल्शियम साचायचा वेग नुसती औषधाविना गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेला नव्हता. त्यामुळे वाहिन्यांसाठी म्हणून के-टू विकत घ्यायचं असेल तर तेवढा भक्कम आधार आज नाही, आणि वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता ते अजिबात सुरू करू नका, कारण ते व्हिटॅमिन त्याच ग्ला च्या कामात जातं जे औषधाने मुद्दाम अडवून ठेवलेलं असतं.